निकाल झाकून सांग

काकांनी क्रिकेटचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. शेवटचं षटक आलं की ते रिमोट उचलायचे आणि टीव्ही बंद करायचे. घरात पाहुणे असोत, शेजारची पोरं असोत, त्यांना फरक पडत नसे. कोणी ओरडलं तर म्हणायचे, "कॅप्टननं चेंडू कोणाले द्यायचा ते ठरवलं ना? झालं. आता पुढं काय होते ते पाहून तुमची अक्कल थोडीच वाढणार हाय." पोरं धावत शेजारच्या घरी जायची. तिकडून आरडाओरडा आला की काका दोन्ही कानांवर हात ठेवायचे, कारण आवाजावरूनही निकाल कळतो.

नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले होते. ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक मोठा गट होता, त्यातले ते सगळ्यात जुने सभासद. गटात कोणी पैसे लावत नसे. लोक अ‍ॅपवर पैसे लावून खेळायचे आणि खेळलेला एखादा डाव इथे लिहून विचारायचे, मी कुठे चुकलो? काका उत्तर द्यायचे. त्यांच्याकडून 'बरोबर' हा एक शब्द मिळाला, की माणूस दिवसभर हवेत असायचा.

त्याच 'बरोबर'ने एका माणसाची पक्की नोकरी गेली. तो शब्द परत घेण्यासाठी काकांनी जे केलं ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. अशा गटांमधले जुने, जाणते लोक गुपचूप निघून का जातात, असं मला अनेक जण विचारतात. त्याचं जे उत्तर सगळीकडे दिलं जातं ते खोटं आहे.

मी पत्रकांवर वाढले. दीक्षाभूमीच्या मैदानावर माझ्या बाबांचा पुस्तिकांचा स्टॉल लागायचा, त्याच्या टेबलाखाली सतरंजीवर मी झोपलेली आहे. त्यामुळे घरमालक पोकर खेळतात हे कळल्यावर मला एकच गोष्ट सुचली. मी जुगाराविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. संध्याकाळी ते पत्रक हातात घेऊन काका वर आले.

"हे तू लिहिलं का वं?"

"हो."

"भाषा झकास हाय. शिव्या बी चांगल्या हायेत. पण तुह्या पत्रकात सगळे बुडालेलेच लोक हायेत. बुडाला म्हणून चुकला, असंच ना?"

"मग काय!"

"मी विम्यात होतो. हेल्मेट घालून, डाव्या बाजूनं, हळूहळू चाललेला माणूस मेलेला पाह्यला हाय मी. थ्यानं काय चूक केली होती, सांग मले."

ते जिना उतरताना म्हणाले, "निकालावरून माणूस तपासू नको. बाकी लिहीत जा." तेव्हापासून ते मला 'पत्रक' म्हणूनच हाक मारत. "ए पत्रक, चहा झाला, खाली ये."

त्यांची सगळी नोकरी दाव्यांच्या टेबलावर गेली होती. माणूस मेला, हात तुटला, दुकान जळालं, की त्याचा कागद त्यांच्यासमोर यायचा. "माझ्या टेबलावर फक्त शेवट येत जाय," ते सांगायचे. "माणूस सकाळी घरून निघाला तवा काय विचार करून निघाला, त्याच्यासाठी फॉर्मवर जागाच नव्हती." निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना हा खेळ सापडला. समोरच्याची पानं दिसत नाहीत, पुढचं पान माहीत नसतं, आणि तेवढ्यावर ठरवायचं असतं. काकांच्या मते जगात विचाराला मिळालेली ही पहिली स्वच्छ जागा होती.

गटातला नियम त्यांनीच घालून दिला होता. डाव लिहायचा तो शेवट झाकून. माझ्या हातात काय होतं, टेबलावर काय उघडलं, समोरच्याने किती लावले, मी काय केलं. इथे थांबायचं. जिंकलो की हरलो हे लिहायचं नाही. कोणी लिहिलंच, तर काका खाली लिहीत, 'निकाल झाकून सांग.' जगभरच्या अशा गटांत ही पद्धत आहे म्हणतात, आणि ती शहाणपणाची आहे. निकाल कळला की लोक जिंकणाऱ्याला हुशार ठरवतात आणि हरणाऱ्याला मूर्ख. निकाल झाकला की कारखान्याचा मालक आणि कॉलेजचा पोरगा एका रांगेत येतात, दोघांच्या फक्त विचाराकडे पाहिलं जातं. मी ज्या घरातून आले, त्या घराला हे पटण्यासारखंच होतं. मी गटात शिरले आणि तिथेच राहिले. खेळले मात्र कधीच नाही.

गटात त्यांचं नाव 'हुडकेश्वर' असं होतं. पुण्याच्या एका सभासदाला ते देवाचं नाव वाटलं. त्याने विचारलं, "आपलं देवस्थान जागृत आहे का?" काकांनी उत्तर दिलं, "जागृत हाय, पण नळाले पाणी नाही."

घरात पत्ते आणायला काकूंची बंदी होती. त्यांच्या माहेरी कोणीतरी पत्त्यांपायी शेत घालवलं होतं, त्यामुळे पत्त्यांचा जोड दिसला तर चुलीत जाईल, असं त्यांनी लग्नाच्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. फोनमधले पत्ते त्यांना दिसत नव्हते. रविवारी मात्र गटातले नागपूरचे दोन-चार जण घरी यायचे आणि समजावून सांगायला पानं हातात लागायची. काकांनी त्यावर तोड काढली. घरात साठलेल्या लग्नपत्रिका त्यांनी एका मापाने कापल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने बदाम, इस्पिक काढलं. काकू पदर खोचून आल्या.

"हे काय होय?"

"पत्रिका."

"मले पत्ते दिसून राहिले."

"उलटून पाह्य ना. ही तुह्या भाचीची पत्रिका होय. चुलीत टाकतं का भाचीले?"

काकूंनी पत्रिका उलटून पाहिली, भाचीचं नाव वाचलं, आणि ती परत ठेवून आत गेल्या. तेव्हापासून रविवारी काकांच्या हातात राणी असायची आणि तिच्या पाठीवर 'चि. सौ. कां.' लिहिलेलं असायचं.

या बैठकीत 'नशीब' हा शब्द उच्चारायला मनाई होती. जो उच्चारेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. प्रतापनगरचे एक प्राध्यापक नेमाने येत, ते संख्याशास्त्र शिकवायचे. सगळ्यात जास्त कप त्यांनीच विसळले असतील.

काकू एकदा मला सांगत होत्या. त्यांच्या मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा पोरगं पेढे घेऊन दारात उभं होतं आणि काका त्याला विचारत होते, "अभ्यास मन लावून केला होता ना? मग झालं. मार्क तुह्या आईले सांग." काकू हसत सांगत होत्या. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पोरगं तीन दिवस बोललं नाही वं बापाशी. यायले, तुह्या काकाले, कळलंच नाही."

या रविवारांना येणाऱ्यांत हिंगण्याच्या कारखान्यातला एक फिटर होता. प्रतापनगरच्या मागच्या बाजूला भाड्याने राहायचा, नोकरी कायम, लग्नाला थोडीच वर्षं झालेली. बोलका आणि हजरजबाबी. काकांवर त्याची खरी माया होती. "काका, तुमी आमच्या सुपरवायझरच्या जागी पाह्यजे होते," तो म्हणायचा. "थो फक्त निकालच पाह्यते. मशीन काहून बंद पडली ते विचारतच नाही."

त्याचे डाव चांगले असायचे. काका त्याचा डाव मोठ्याने वाचून प्राध्यापकांना दाखवायचे. "हे पाहा. इथं तुमी पानं टाकून डाव सोडला असता. यानं नाही सोडला. बरोबर हाय."

एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "काका, पण थो कालचा डाव ना..."

"निकाल सांगू नको."

"नाही, थ्या डावात मी..."

"अबे, निकाल सांगू नको म्हटलं ना! विचार बरोबर होता. संपलं."

तो बशीतला चहा प्यायला. पुढच्या रविवारीही त्याने एकदा सुरुवात केली. या वेळी प्राध्यापकांनीच त्याला थांबवलं आणि सगळे हसले. तोही हसला. "बरं बाप्पा, झाकला निकाल," असं म्हणून त्याने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं. आम्ही आणखी हसलो. नंतर त्याने तसा प्रयत्न केला नाही. गटात मात्र तो आधीपेक्षा जास्त डाव टाकायला लागला. शिफ्टच्या वेळातही टाकू लागला. काका प्रत्येकाला उत्तर देत होते. बरोबर. एकदम बरोबर. इथे थोडं कमी लावायला हवं होतं, बाकी बरोबर.

मग तो यायचा बंद झाला.

अशाच एका रविवारी दुपारी फाटक वाजलं. बैठकीत काका, प्राध्यापक आणि मी होतो. दारात एक तरुण बाई उभी होती. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधलेला, हातात फोन.

"हुडकेश्वर कोण हाय इथं?"

"ताई, हे सगळं हुडकेश्वरच आहे," प्राध्यापक म्हणाले.

"जागा नाही. माणूस. 'बरोबर, बरोबर' लिहून पाठवते थो."

काका उठून उभे राहिले. "मी."

तिने स्कार्फ सोडला. ती फिटरची बायको होती. काकांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. फोन पुढे करून म्हणाली, "यायच्या मोबाइलवर पाह्यलं मी, पत्ता बी थ्यातच भेटला. रोज तुमचं 'बरोबर'. मले वाटलं कोणी कंपनीतले मोठे साहेब असतील. म्हटलं, एवढं सगळं बरोबर चालू हाय, मंग माझ्या घरात हे काय होऊन राहिलं?"

"काय होऊन राहिलं?" काकांनी विचारलं.

त्यांना असा प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"नोकरी सोडली यायनं. आता हेच काम करतो म्हणे, घरी बसून कमावतो म्हणे. हे मले आता सांगितलं, पकडल्यावर. तोवर मी रोज सकाळी डबा भरून देऊन राहिली. कंपनीचा शर्ट इस्त्री करून राहिली. हे डबा घेऊन बगीच्यात जाऊन बसत. आमच्या कोपऱ्यावर कंपनीची बस थांबेनाशी झाली, तवा मी पुढच्या चौकात जाऊन ड्रायव्हरले विचारलं. म्हणे, वहिनी, दादानं तर कवाचंच सोडलं. त्याच्या आधी गाडी विकली. मले म्हणे, दुरुस्तीले टाकली."

प्राध्यापकांना राहवलं नाही. ते वाईट माणूस नाहीत, पण सवय वाईट असते. "ताई, त्याचे डाव खरंच बरोबर होते. कधीकधी विचार बरोबर असतो, फक्त निकाल..."

"निकाल माझ्या घरात येऊन बसला हाय न, भाऊ."

ती काकांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मले एक सांगा. तुमी यायचे गुरू. तुमी जितले का?"

काकांना उत्तर माहीत नव्हतं. ते लपवत नव्हते. एवढा खेळ खेळून, एवढ्या लोकांना शिकवून, आपण जिंकलो की हरलो हे त्या माणसाने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणं त्यांना हलकेपणाचं वाटायचं.

"हरले," मागून आवाज आला.

चहाचा ट्रे घेऊन काकू आतल्या दारात उभ्या होत्या.

"बँकेत मी जाते. मले माहीत हाय. पेन्शन येते, त्यातलं काही तिकडं जाते, अन् वापस येत नाही. वरचा मजला पुरा बांधायचा होता आमाले. एक खोली झाली, ते ह्या पोरीले देली. बाकीच्या सळाका उघड्याच हायेत, पाह्यल्या असतील तुमी."

"तुले कवापासून माहीत हाय?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमच्या घरात निकाल विचारत नाहीत न," काकू म्हणाल्या आणि त्या बाईच्या हातात कप दिला. "बस वं माय. उन्हातून आली."

आता ती बसली.

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "पत्रक, तुही गाडी काढ." बायकोने सांगितलेला बगीचा आम्ही शोधून काढला. फिटर झाडाखालच्या बाकावर होता. अंगात इस्त्रीचा कंपनीचा शर्ट, बाजूला डबा, हातात फोन. बायकोला सगळं कळल्यावरही तो तिथेच येऊन बसला होता. दिवसा घरी बसायचं कसं, हे त्याला कळत नसावं. काकांना पाहून त्याने फोन उलटा ठेवला.

काका म्हणाले, "तुह्यं चुकलं."

"कोणता डाव?"

"सगळे."

"असं कसं? तुमीच बरोबर म्हटलं."

"पानं बरोबर खेळला तू. टेबलावर बसाचंच नव्हतं. थो पहिला निर्णय होय, अन् थो मी कधी तपासलाच नाही. अ‍ॅपवाली कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेते, कोणी जितो की हरो. आपल्यासारखे दहा शहाणे एकमेकांसमोर बसले, तर शेवटी कोणाजवळच काही राहत नाही. मले हे गणित येत होतं. मी केलं नाही."

"मंग तुमी काहून बसले?"

"मी बी हरलो बाबू. वरचा मजला राहिला माझा."

फिटर हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. "तुमच्याजवळ पेन्शन हाय, काका. तुमी हरले तर वरचा मजला राहते. मी हरलो तर खालचाच जाते." मग म्हणाला, "मी सांगत होतो तुमाले. दोनदा सांगाले आलो. तुमी हसले."

काकांनी मान खाली घातली. फिटरने डबा उघडला आणि जेवायला लागला. आम्हाला 'या जेवाले' म्हटलं नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस जरी शेजारी बसलेला असला, तरी हे दोन शब्द तोंडातून आपोआप निघतात. न म्हणणं म्हणजे माणूस तोडून टाकणं. तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवला, डबा बंद केला, आणि आमच्याकडे न पाहता घराच्या रस्त्याला लागला.

तो आता हिंगण्यातच दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. कायम नाही, बस नाही. खेळणं सोडलं, असं त्याची बायको काकूंना सांगून गेली. काकांशी तो पुन्हा बोलला नाही. काकांनी माफी मागायला जावं असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, "माफी मागून माझ्याच जिवाले बरं वाटेल. थ्याचं काय होईल?"

मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. निकाल झाकून विचार तपासायचा, हे शहाणपण खरं आहे. पण निकालाकडे न पाहणं ज्याला परवडतं त्याच्यासाठीच ते खरं आहे. पेन्शनवाल्याची ती शिस्त होती. फिटरसाठी तीच शिस्त तोंडावर बांधलेली पट्टी झाली. गटातल्या सगळ्यांनी मिळून ती बांधली, सभ्यपणे, हसत हसत. अ‍ॅपवाल्यांना यापेक्षा काय हवं होतं? त्यांच्या जाहिराती ऑटोच्या पाठीवर होत्या, पण त्यांच्या धंद्याची खरी राखण आम्ही करत होतो. हरलेल्या माणसाला हरलो असं म्हणायचीच सोय आम्ही ठेवली नव्हती.

बगीच्यातून आल्यावर काकांनी गटात लिहिलं. मला आठवतं तसं देते.

'आजपासून मी कोणाच्या डावाला बरोबर किंवा चूक म्हणणार नाही. हा नियम मी घातला होता, मीच मोडतो. सगळ्यांनी आपला निकाल सांगा. एका डावाचा नको, आतापर्यंतचा सगळा. घरात विचारून सांगा. आधी माझा सांगतो. मी हरलो आहे.'

गटात शेकड्यांनी माणसं. कोणीही उत्तर दिलं नाही. मग गटप्रमुखाने ते पुसून टाकलं. हा गटप्रमुख पोकर शिकवण्याचा वर्ग विकायचा. 'काकांची तब्येत बरी नाही, नकारात्मक पोस्ट नकोत,' असं त्याने खाली लिहिलं आणि काकांना गटातून काढलं.

पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून काकांचा फोन वाजायला लागला. जळगावचे एक डॉक्टर, कोल्हापूरचे एक वकील, नाशिकचा एक सॉफ्टवेअरवाला. सगळे जुने, सगळे मुरलेले, ज्यांच्या नावाला गटात वजन होतं असे. आधी तब्येत विचारायचे. मग इकडचं तिकडचं बोलायचे. मग आवाज खाली यायचा. "काका, मी पण." बस, एवढंच. काका म्हणायचे, "घरी सांगितलं का?" बहुतेक जण म्हणायचे, सांगतो. आणि संध्याकाळी माझ्या फोनवर गटात एक ओळ दिसायची, अमुक यांनी गट सोडला. कोणी निरोपाचा शब्द लिहिला नाही. प्राध्यापकही असेच गेले. ते काकांना फोन न करता घरी आले, मोरीत जाऊन सगळे कप विसळले आणि परत गेले.

पुढे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. गटप्रमुखाने लिहिलं की जुने लोक कायद्यामुळे गेले. कोणी म्हणतं, नवशिक्यांच्या त्याच त्याच प्रश्नांना कंटाळून गेले. कोणी म्हणतं, आपली विद्या फुकट वाटायची नव्हती म्हणून गेले. थोडे तसेही गेले असतील. बाकीच्यांचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बंदी यायच्या आधीच ते गेले होते, आणि ते कंटाळून गेले नव्हते. आपल्याला काय कळलं हे ज्या जागेत बोलता येत नाही, त्या जागेत माणूस थांबू शकत नाही. त्यांनी खरं सांगितलं, पण फोनवर, एका म्हाताऱ्याच्या कानात. गटात सांगितलं नाही. मला त्यांचा राग येतो. डॉक्टर, वकील, शहाणीसुरती माणसं आपापली लाज घेऊन मागच्या दाराने निघून गेली, आणि आत राहिली ती नवी पोरं, ज्यांना आता फक्त वर्ग विकणारा माणूसच ऐकू येतो. कारण गट काही बंद पडला नाही. तिथे आता परदेशातल्या साइटच्या लिंक फिरतात.

हे मी काकांना बोलून दाखवलं. वाटलं, ते त्या डॉक्टर-वकिलांची बाजू घेतील. ते म्हणाले, "बरोब..." आणि थांबले. तो शब्द ते आता टाळतात. म्हणाले, "हाव, खरं हाय."

त्यानंतर आठवड्याभराने काकूंच्या फोनवरून एक नवा माणूस गटात आला. नाव कोणतंही नाही, चित्रात एक जास्वंद. कोणी डाव टाकला, की हा नवा माणूस खाली एकच प्रश्न लिहायचा, 'घरी माहीत आहे का?' डाव कितीही गुंतागुंतीचा असो, प्रश्न तोच. लोकांनी आधी गंमत केली. 'काकू, हा रमीचा गट नाही.' 'आधी नियम शिकून या.' एका पोराने तर पानांची किंमत कशी मोजतात ते तक्ता करून समजावलं. काकांनी त्याला लिहिलं, 'आभार. घरी माहीत आहे का?'

गटप्रमुखाने जास्वंद काढून टाकलं. मग माझ्या फोनवरून सुरू झालं. तेही काढलं. मग काका बाजारात जाऊन नवीन सिम घेऊन आले. एके काळी ज्याच्या एका शब्दासाठी लोक थांबायचे, तो माणूस आता रोज त्याच गटात नवशिका म्हणून टोमणे खातो. काकू विचारतात, "आज काढलं का तुमाले?" आणि त्यांच्यासमोर चहा ठेवतात.

मागच्या आठवड्यात मी खाली गेले तेव्हा काका व्हरांड्यात फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. कोणा सोलापूरच्या मुलाने सकाळी डाव टाकला होता. त्यावर गटातल्या चार जणांनी 'मस्त खेळलास' लिहिलं होतं. त्याखाली काकांचा प्रश्न. आणि त्याखाली, बऱ्याच वेळाने, त्या मुलाचं उत्तर आलं होतं.

'नाही.'

काकांनी तो शब्द मला दाखवला, काकूंना हाक मारून दाखवला. मग चष्मा पुसला आणि एका बोटाने सावकाश टाइप करायला लागले, 'बाळा, तुझा नंबर दे. मी हरलेला माणूस आहे. मला सांग.'